वेल्डिंग आणि ब्रेझिंग: फ्रिजच्या नळीपुरता फरक

'वेल्डिंग काय नि ब्रेझिंग काय, दोन्हीकडे ज्योत आणि वितळलेली कांडी, मग नावावरून वाद कशाला' असं काही जण म्हणतात. दिसायला सारखं, हे मान्य. पुढचं पटत नाही. वेल्डिंगमध्ये जोडायच्या तुकड्यांच्या कडाच वितळून एक होतात. ब्रेझिंगमध्ये मूळ धातू वितळतच नाही, फक्त कांडी वितळून दोन नळ्यांमधल्या केसभर फटीत ओढली जाते. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, कांडी त्याच्या बरीच आधी पाणी होते. फटीत भरायचा धातू ४५० अंशांच्या आतच वितळणारा असेल तर तो नुसता डाख (सोल्डरिंग).

आमच्या मालवणात हा फरक फ्रिजच्या दुरुस्तीत अंगाशी येतो. खाऱ्या हवेने मागची कंडेन्सरची जाळी गंजते, नळीला भोक पडतं, गॅस जातो. ती नळी बहुतेकदा लोखंडी असते आणि तिला जोडायची नळी तांब्याची. तांब्याला तांबं जोडायची कांडी फॉस्फरसवाली; तिला फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून कांडी नीट पसरू देणारी पूड किंवा पेस्ट) लागत नाही, पडतेही स्वस्त. तीच लोखंडाला लावली तर जोड वरून छान दिसतो, पण आत लोखंड-फॉस्फरसचा ठिसूळ थर बसतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने तडकतो. तिथे चांदी मिसळलेली कांडी आणि फ्लक्सच हवा, आणि काम झाल्यावर तो फ्लक्स गरम पाण्याच्या फडक्याने पुसायलाच हवा, नाहीतर त्यानेच नळी पुन्हा खाल्ली जाते. बिलावर नुसतं 'वेल्डिंग' लिहिलेलं असेल तर कांडी कुठली वापरली ते जरूर विचारा.