"पार्टिशन टाकलं" : हा शब्द तुमच्याकडे कुठून आला?

"काकांनी पार्टिशन टाकलं," आईनं फोनवर सांगितलं आणि मी ऑफिसच्या जिन्यातच खाली बसले. जमिनीवरून घरात धुसफुस होतीच, त्यामुळे कोर्टात दावा टाकला असंच वाटलं. आई बोलत होती ओसरीवरच्या प्लायवुडबद्दल, आजीला निवांत झोपता यावं म्हणून उभं केलेल्या. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. भाऊबंदांत आपण वाटणी करतो, देशाची फाळणी म्हणतो, घरात कूड किंवा आडभिंत घालतो. प्रत्येक दुखण्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, तरी हा एक इंग्रजी शब्द सगळीकडे शिरला. तुमच्याकडे तो कुठून आला? जरूर लिहा, मोठं झालं तरी चालेल.

गिरगावातली चाळ

आमची खोली दहा बाय बारा. 1981 मध्ये काकाचं लग्न ठरलं आणि पंधरा दिवस आधी सुतार आला. पार्टिशन सात फुटांपर्यंतच घेतलं, वर मोकळं, कारण पंखा एकच आणि ट्यूबही एकच. बटण आमच्या बाजूला. रात्री दिवा घालवण्याआधी आजोबा मोठ्यानं म्हणायचे, "बंद करतोय रे!" पलीकडून काकूच्या बांगड्या वाजायच्या, तेच तिचं 'हो'. नव्या सुनेनं सासऱ्यांना तोंडानं उत्तर द्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. काकू आता पासष्टीची आहे, विरारला राहते. मागच्या दिवाळीत म्हणाली, "त्या घरात चार वर्षं मी कुजबुजतच बोलले रे." आम्हा मुलांना त्या फळीची नुसती मौज वाटायची. काकूचं ते वाक्य मला अजून टोचतं.

कराड तालुका

माझ्यासाठी पार्टिशन म्हणजे दिवाणी दावा. वडील 2003 मध्ये गेले. धाकटा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. "आक्का, सही करून टाक, माहेर राहील." मी केली नाही, आणि पुढची कित्येक वर्षं मला भाऊबीज नव्हती.

माझं लग्न 1991 चं. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला होता, पण ज्यांची लग्नं आधी झाली त्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभराचा कायदा बदलला आणि ही अट गेली. तरी मला सांगण्यात येई की तुझे वडील त्या तारखेला हयात नव्हते. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हक्क जन्मानं मिळतो, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. वकिलांनी फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा मी हरभरा निवडत होते. ताट तसंच मांडीवर राहिलं.

भावानं तडजोड केली. साडेतीन एकर, दोघे भाऊ आणि मी. कागदावर लिहिलं, 'सरस-निरस मानाने वाटप'. म्हणजे नुसतं क्षेत्र समान नाही, काळी जमीन एकाला आणि मुरमाड दुसरीला असं करायचं नाही. हा शब्द मला फार आवडतो, इतका न्याय पार्टिशन या शब्दात नाही. मोजणीच्या दिवशी हद्दीचे दगड रोवताना भाऊ आणि मी दोन टोकांना उभे होतो.

नाशिक

2006 मध्ये घरी कॉम्प्युटर आला. दुकानदारानं डिस्कचे दोन भाग पाडून दिले. "विंडोज बिघडलं तर सी उडवायचं, डीला हात लावायचा नाही." दोन वर्षांनी व्हायरस शिरला आणि दुरुस्तीला आलेल्या माणसानं न विचारता दोन्ही पार्टिशन पुसून एकच केलं. डीमध्ये बाबांच्या साठीशांतीचे फोटो होते. बाबा आता नाहीत.

उल्हासनगर

आमच्या शेजारच्या सिंधी आजी सख्खरहून कल्याणच्या लष्करी छावणीत आल्या, तेव्हा उल्हासनगर हे नावही नव्हतं. ते 8 ऑगस्ट 1949 रोजी मिळालं. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं आणि मध्ये तरटाचे पडदे. त्या तरटालाही आजी पार्टिशनच म्हणत आणि ज्यामुळे घर सुटलं त्यालाही. "पार्टिशनच्या आधी" म्हणाल्या की कुठलं, ते आवाजावरून कळायचं. सिंधीत फाळणीला विरहांगो म्हणतात. तो शब्द त्या फक्त बहिणीशी बोलताना वापरत.

सांगली, रसायनशास्त्राची शिक्षिका

आयोडीन, पाणी आणि कार्बन टेट्राक्लोराइड एकत्र हलवून ठेवलं की खाली जांभळा थर बसतो आणि वर फिकट पिवळा. तापमान तेच ठेवलं तर दोन थरांतलं आयोडीनचं प्रमाण ठरलेलं, खाली साधारण 85 पट. यालाच पार्टिशन कोएफिशंट म्हणतात. पाण्याच्या वाट्याला थोडंच येतं, पण येतं. मुली तो जांभळा रंग पाहतात तेव्हा वर्ग गप्प होतो.

कराडच्या ताई, एक विचारायचं राहिलं. शेतात विहीर होती का? तिचं काय केलंत?

कराड तालुका

होती. ती सामाईकच ठेवली, पाण्याच्या पाळ्या वाटल्या. सोमवार-मंगळवार माझे. मला मोटारीचा स्टार्टर जमत नाही. गेल्या मंगळवारी धाकटा न सांगता येऊन चालू करून गेला.