घरी वॅक्सिंग, नाजूक त्वचा आणि परवडणारं सामान: आपापले अनुभव सांगा

कोपरीची_लेक
काल लेक म्हणाली, आई कॉलेज सुरू व्हायच्या आत मला हातांना वॅक्स करायचंय, घरीच करूया ना. आणि मला एकदम कोपरीचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवलं. मावसबहिणीची हळद दुसऱ्या दिवशी, मी स्टेशनजवळच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त डबा आणलेला, आईने तो गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला, जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि पहिला हात होईपर्यंत सगळं ठीक होतं. अर्ध्या तासात मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या, आग इतकी की रात्रभर आई ओला पंचा बदलत बसली. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून लग्नात वावरले. आईला किती वर्षं वाटत राहिलं की वॅक्स जास्त गरम झालं, तिचीच चूक. मी त्यानंतर पार्लरलाही वॅक्स केलं नाही.
आता लेकीची त्वचा अगदी माझ्यावर गेलीय, नवीन साबण चालत नाही, जखमेवर चिकटपट्टी लावली की भोवती चौकोन उठतो. तिला नाही म्हणायचं नाहीये मला, पण माझ्यासारखं व्हायला नको. सगळं मिळून ५०० च्या आत काय घेऊ? ज्यांनी खरंच घरी केलंय त्यांनी लिहा प्लीज.

घणसोलीकर_आई
पट्ट्या विकत घेऊ नकोस. जुनी जीन्स, बोटभर लांब नाही चांगली वीतभर लांब आणि तीन बोटं रुंद कापायची, कडा शिवून घेतल्या तर धागे निघत नाहीत. माझ्या पट्ट्या चार वर्षं चालल्यात. पण हे साखरेच्या वॅक्सलाच हं, ते गरम पाण्यात विरघळून जातं. डब्यातलं चिकट वॅक्स पाण्याने सुटत नाही, त्याला तेलच लागतं, मग पट्टी फेकावीच लागते.

नेरूळ_पूर्व
मी फार्मासिस्ट आहे, काउंटरवरून लिहितेय, गिऱ्हाईक आलं की थांबेन. ताई, चिकटपट्टीने चौकोन उठतो हे वाचून थांबले. बऱ्याच गरम वॅक्समध्ये आणि रेडी स्ट्रिप्समध्ये राळ असते, पाइनच्या झाडाची. वॅक्स केसाला घट्ट धरतं ते तिच्यामुळे. आणि हीच राळ काही चिकटपट्ट्यांच्या गोंदातही असते. काही लोकांना तिची ॲलर्जी असते. म्हणजे तुमच्या वेळी वॅक्स गरम झालं नसेलही, राळ सोसली नसेल. ॲलर्जी नक्की आहे का ते त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करूनच कळतं, मी फक्त शक्यता सांगतेय.
डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. राळ तिथे या नावांनी असते: रोझिन, कोलोफोनी, ग्लिसरिल रोझिनेट, यातलं काही दिसलं तर लेकीसाठी तो डबा परत ठेवा. पुढच्या बाजूला मध, कोरफड, चॉकलेट काहीही लिहिलेलं असो आणि सेन्सिटिव्ह लिहिलेलं असो, मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका.

कोपरीची_लेक
बाई गं. वीस वर्षं आई स्वतःला दोष देत होती. आत्ताच फोन करते तिला.

पाकशास्त्री_ठाणे
पुरुष आयडी आहे, चालेल ना? बायको आणि बहीण दोघींना वॅक्स मीच बनवून देतो कारण आमच्याकडे पिढीजात मिठाईचं काम, पाक कळतो. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. जाड बुडाचं पातेलं, मंद आंच. साखर विरघळली की ढवळायचं नाही, नाहीतर पाक रवाळ होतो. लिंबू घालतात ते वासासाठी नाही, आंबटपणाने साखरेचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, म्हणून पाक परत साखरेसारखा गोठत नाही. रंग मधासारखा झाला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाका. मऊ गोळी वळली पाहिजे, गोळीबंद पाक म्हणतो तोच. टणक झाली तर पुढे गेला, चमचाभर पाणी घालून परत गरम करा. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत साखर ओलावा खेचते, वॅक्स हातावर पाघळतं, तेव्हा थोडा जास्त आटवायचा. आणि पूर्ण कोमट झाल्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही, पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. लहान मुलं स्वयंपाकघरात नकोत त्या वेळी.

मीरा_घोडबंदर
दादा किती छान समजावलंत, मी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा रवाळ झालं, मी सतत ढवळत होते! आत्ता बसमध्ये आहे, माजिवड्याला पाऊण तास उभी, घरी गेले की करते. पोचले तर.

घणसोलीकर_आई
माजिवड्याला काय झालंय आज? माझे मिस्टर पण अडकलेत तिथेच.

मीरा_घोडबंदर
एक ट्रक बंद पडलाय बहुतेक. मिस्टरांना म्हणावं धीर धरा.

वाशी_सेक्टर९
माझं छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं. पटापट लिहिते. केस तांदळाच्या दाण्याएवढे तरी हवेत, त्याहून आखूड असले तर तुटतात आणि मग आत वळून फोड येतात. आधी त्वचा धुऊन पूर्ण कोरडी, हलकी टाल्कम पावडर. पातळ थर, केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेला, पट्टी दाबायची, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि उलट दिशेला ओढायची. वर उचलायची नाही, हाताला समांतर. वर उचलली की कातडी सोलवटते, निळं पडतं. घरी केलेल्या मुली माझ्याकडे येतात त्यांच्यात हीच चूक सगळ्यात जास्त. एका जागी दोनदा नाही ओढायचं नाजूक त्वचेला, राहिलेले चार केस प्लकरने. आणि अंगावर लावलेली काडी परत डब्यात बुडवायची नाही, मायलेकी असल्या तरी नाही. आइसक्रीमच्या काड्यांचं पाकीट आणा, स्वस्त असतं.
बीन्सचं, म्हणजे दाण्यांच्या रूपात मिळणाऱ्या वॅक्सचं विचाराल तर ते पट्टीशिवाय निघतं, कातडीला कमी आणि केसाला जास्त धरतं, काखेला छान, पण हीटर घ्यावा लागतो आणि त्यातही बहुतेक राळच असते. म्हणून तुमच्या लेकीला साखरेचंच.

आईची_सावली
मी हनुवटीचे केस घरी वॅक्स करायचे, पीसीओएस आहे मला, हार्मोन्सच्या गडबडीने चेहऱ्यावर केस येतात. कोणी विचारेल म्हणून दर चार दिवसांनी. एकदा रात्री केलं, सकाळी ऑफिसला निघाले तर हनुवटीची साल निघालेली, लाल चटका. मुरुमांसाठी ॲडापलिन लावत होते आणि कोणी सांगितलंच नव्हतं. डाग जायला तीन महिने गेले. लिहायचं नव्हतं खरं तर, पण कोणाच्या तरी लेकीला उपयोग होईल.

नेरूळ_पूर्व
लिहिलंत ते फार बरं केलंत. ॲडापलिन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल लावत असाल तिथे वॅक्स नाही, वरचा थर नाजूक झालेला असतो, पट्टीबरोबर निघून येतो. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, बंद केल्यावरही सहा महिने थांबायला सांगतात. मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मीरा_घोडबंदर
सावली, तुला मिठी. मलाही पीसीओएस आहे. व्यनि (खाजगी निरोप) करते.

ऐरोली_ते_ठाणे
मायक्रोवेव्हबद्दल कोणी बोललं नाही. मी डबा त्यात ३० सेकंद ठेवला, कडेला थंड लागला म्हणून सरळ पायावर लावला, मधोमध उकळत होता. अजून खूण आहे पोटरीवर. पाण्याच्या पातेल्यातच गरम करा, नीट ढवळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब.
आणि केल्यावर लगेच लोकल पकडू नका, घामाने जी चुरचुर होते ती मला ऐरोली ते ठाणे पुरली. रविवारी संध्याकाळी करायचं, त्या दिवशी गरम पाण्याची अंघोळ नाही, डिओ नाही, सैल सुती कपडे. गार पाण्याचा कपडा पुरतो.

घणसोलीकर_आई
मी कोरफडीचा गर लावते, पण कुंडीतली पात कापल्यावर पिवळा चीक पूर्ण निथळू द्यायचा, तो चीक खाजतो.

कोपरीची_लेक
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. हिशोब: साखर आणि पावडर घरातलीच, पाच लिंबं ४० रुपये, काड्या ३०, जीन्स दिराची. जांभळी नाक्यावर काड्या घेताना कुतूहल म्हणून तीन डबे उलटे करून वाचले, तिन्हीवर रोझिन. पाक पहिल्या वेळी टणक झाला, पाकशास्त्रींनी सांगितलं तसं चमचाभर पाणी घातलं, सुधारला. परवा संध्याकाळी लेकीच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर करून बघितलं.
आज ४८ तास झाले. पहिला तासभर गुलाबी होतं, मग काही नाही. ना खाज, ना गांधी. आई कोपरीहून आलीय, म्हणाली या वेळी पट्टी मीच ओढणार. दोघी आत बसल्यात, मला हाका मारतायत.

पाकशास्त्री_ठाणे
उरलेला पाक घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा ताई, ओला चमचा घालू नका.

मीरा_घोडबंदर
माझा पण गोळीबंद झाला!! रवाळ नाही!!