महानगर परवडतं का? जमाखर्च मांडा (अनुभव धागा)

महानगरात राहावं की नाही, या वादात एक बाजू ‘संधी’ म्हणते, दुसरी ‘दगदग’ म्हणते आणि गाडी तिथेच अडते. इथे दोन्ही शब्द नकोत. ‘खिशात दमडी नसताना आलो’ छापाच्या कहाण्याही नकोत. भाडं, प्रवास, पगार, दिखाऊ खर्च यातलं ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी हिशेब कसा करायचा आणि तो कुठे फसतो तेवढं लिहावं.

हिशेबनीस

पगाराची पगाराशी तुलना केली की महानगर जिंकणारच. तुलना करायची ती हाती उरणाऱ्या पैशाची, आणि तीही तासाच्या भावाने.

उदाहरणादाखल महानगरात हाती येणारा पगार १०० धरा, लहान शहरात ७५. भाडं, वीज, प्रवास, मुलांची फी हा बांधील खर्च महानगरात ४५, तिकडे २२. उरले ५५ आणि ५३. इथवर महानगर पुढे. आता वेळ घ्या. दोन्हीकडे रोज ९ तास, वर्षाला २४० दिवस, म्हणजे २,१६० तास काम. महानगरात जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास म्हणजे वर्षाला ६०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर ७५ दिवस नुसते वाटेत. लहान शहरात वीस-वीस मिनिटांचे १६० तास. काम आणि प्रवास यांचे तास मिळवून उरलेल्या पैशाला त्यांनी भागलं की दर हजार तासांमागे महानगरात सुमारे २० उरतात, तिकडे जवळपास २३.

तिकडचा पगार ७५ ऐवजी ६० असेल, तर मात्र निकाल उलटतो: तिथे १६च्या आसपास, महानगरात तेच २०. म्हणून ‘परवडतं का’ याचं एकच उत्तर नाही. पगारातली तफावत किती, यावर सगळं आहे.

सर्वांत जास्त विसरला जाणारा खर्च म्हणजे घर बदलण्याचा. अनामत अडकते, दलाली जाते, सामान हलवताना दोन वस्तू मोडतात. हे सगळं महिन्यांवर वाटून बांधील खर्चात धरा. दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्याचा हिशेब एरवी नुसता कागदावर गोड दिसतो.

पाऊणतास

हिशेबनीस, सव्वा तास हा आकडा आणायचा कुठून ते सांगायला हवं. नकाशावरचं अंतर आणि रविवारी दुपारी मोजलेला वेळ दोन्ही निकामी. कामाचे दहा दिवस, दाराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ लिहा. त्यातला सर्वांत वाईट दिवस सोडा आणि त्याच्या खालचा आकडा धरा. सरासरी धरू नका. घरातून निघताना माणूस सरासरी काढून निघत नाही, उशीर होईल या धास्तीने निघतो. ती धास्तीची पंधरा-वीस मिनिटंही रोज जातातच.

एकाच गाडीत बसून तास आणि दोनदा गाडी बदलून तास हे सारखे नाहीत. पहिल्यात वाचता येतं, डुलकी काढता येते. दुसऱ्यात तासाचे तीन तुकडे होतात आणि एकही कामाचा राहत नाही.

ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगाराने किंवा स्वस्त घराने व्हायला हवी होती, पण लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. माझ्या मते कारण साधं आहे: मोठ्या खोलीची सवय होते, खोळंब्याची होत नाही.

चौदावा मजला

त्या मोजणीत लिफ्ट धरा. उंच इमारतीत सकाळच्या गर्दीत दोन भरलेल्या लिफ्ट सोडाव्या लागल्या की पाच मिनिटं गेली. घर दाखवायला नेतात दुपारी, तेव्हा लिफ्ट रिकामी दार उघडून उभी असते. घर पक्कं करण्याआधी एकदा सकाळी जाऊन उभे राहा.

भरतीवाला

महानगराचा फायदा पहिल्या पगारात शोधू नका. होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदींवरून २०१७ साली दाखवलं की मोठ्या शहरात मिळालेला अनुभव जास्त किमतीचा ठरतो आणि शहर सोडल्यावरही त्याची किंमत बऱ्याच अंशी टिकते. म्हणजे प्रश्न ‘राहू की नको’ एवढाच नाही, ‘किती वर्षं’ हाही आहे. शिकण्याचा वेग मंदावला, तेच काम तिसऱ्या वर्षीही तसंच चाललं, की पुढची वर्षं नुसतं भाडं भरण्याची.

एक चाचणी: तुमचं नेमकं काम देणाऱ्या संस्था घरापासून रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात किती, ते मोजा. दोनच असतील, तर शहर कितीही मोठं असो, तुमच्यापुरतं ते लहानच आहे.

दोघं

वरच्या सगळ्या हिशेबात कमावणारा एकच धरलाय. दोघांची कामं वेगळ्या क्षेत्रांतली असली की लहान शहरात एकाला चांगली नोकरी मिळते आणि दुसऱ्याला ‘बघू काहीतरी’. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी २००० साली अमेरिकेतली उच्चशिक्षित जोडपी महानगरांत का एकवटतात, यामागे हेच कारण मांडलं. शिवाय नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी शोधता येते. हा एक प्रकारचा विमाच आहे, आणि त्याचा हप्ता भाड्यातून जातो.

झाकली मूठ

प्रतिष्ठेचा खर्च वहीत त्या नावाने कधी लिहिला जात नाही. तो ‘मुलांसाठी’ किंवा ‘कामाच्या ठिकाणी बरं दिसतं’ या खात्यांत लपतो. शोधायचा असेल तर बँकेचा तीन महिन्यांचा उतारा घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे विचारा: हे कुणालाच दिसणार नसतं, तर घेतलं असतं? ‘नाही’ आलं तिथे खूण करा. गाडीसारख्या वस्तूला शेपूट असतं: विमा, देखभाल, उभी करायची जागा. तेही त्याच खुणेत धरा.

नेदरलँड्समध्ये पोस्टकोडवर चालणारी लॉटरी आहे. तिच्यावरचा २०११चा अभ्यास बोलका आहे: विजेत्यांच्या शेजारच्या घरांत, ज्यांनी तिकीटही काढलं नव्हतं त्यांच्यातही, गाड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. अंथरूण आपलं, पाय मात्र शेजाऱ्याच्या मापाने!

इच्छाशक्तीने हे आवरत नाही, घर निवडतानाच आवरतं. ज्या इमारतीत तुमची मिळकत मधोमध बसते ती घ्या. सर्वांत श्रीमंत वस्तीतलं सर्वांत लहान घर हे दिसायला किफायतशीर, पण रोजच्या तुलनेत सर्वांत महाग.

परतवाट

सोडायचं ठरवलंच तर क्रम चुकवू नका. आधी काम हलवा, मग माणसं, शेवटी घर. नव्या ठिकाणी तीन महिने भाड्याने राहा, आणि ते तिथल्या सर्वांत वाईट ऋतूत. इंटरनेट दिवसातून किती वेळा जातं, तज्ज्ञ डॉक्टर तासाभरात गाठता येतो का, हे सुट्टीतल्या चार दिवसांत कळत नाही. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, पण तो महानगराच्या दराने मोजा, कारण बेत फसला तर तो तिथेच लागणार आहे.