एमपी३ प्लेयर : ६४ जीबीचं कार्ड घेत नाही, काही अभंग गायब, क्रमही कसाही

सिन्नरफाटा :
नमस्कार मंडळी. नाशिकरोडला राहतो. वडिलांसाठी बटणांचा साधा एमपी३ प्लेयर घेतलाय. ६४ जीबीचं नवं कार्ड घातलं की 'कार्ड एरर' येतं, कॉम्प्युटरवर (विंडोज १०) मात्र तेच कार्ड नीट उघडतं. जुनं ८ जीबीचं चालतं, पण त्यातले काही अभंग यादीत येत नाहीत, मराठी नावं वाचता येत नाहीत आणि क्रमही विस्कटलेला. प्लेयर बदलून घ्यावा का?

पंचवटीकर :
बदलू नका, प्लेयर ठीक दिसतोय. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅट होऊन येतात आणि साध्या प्लेयरला फक्त फॅट३२ कळतं (दोन्ही कार्डावर फाइली मांडायच्या पद्धती). विंडोज १०च्या फॉरमॅटच्या खिडकीत एवढ्या कार्डाला फॅट३२ चा पर्यायच येत नाही, म्हणून रूफस हे सॉफ्टवेअर वापरा : बूट सिलेक्शनमध्ये 'नॉन बूटेबल', फाइल सिस्टिम 'लार्ज फॅट३२'. ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा, त्यातलं सगळं पुसलं जातं. प्लेयरच्या माहितीपत्रकात '३२ जीबीपर्यंत' असं छापलं असेल, तर मात्र ३२ चंच कार्ड घ्या.

गायब अभंगांचं एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग) तपासा, बहुतेक एम४ए असेल, तो प्रकार असे साधे प्लेयर सहसा वाजवत नाहीत. नाव बदलून एमपी३ केल्याने आतलं गाणं बदलत नाही. मूळ सीडी असेल तर तिच्यावरूनच १९२ केबीपीएसचं एमपी३ काढा. एम४एचं एमपी३ करताना आवाज आणखी थोडा उतरतो.

रविवार कारंजा :
क्रमाचं सांगतो. असे बरेच प्लेयर नावाप्रमाणे लावत नाहीत, कार्डावर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. ००१, ००२ असे आकडे देऊनही म्हणूनच उपयोग होत नाही. शिवाय एक्सप्लोररमध्ये सगळी गाणी निवडून ओढताना ज्या फाइलवर माउस धरता ती पहिली जाते, म्हणून नेहमी ००१ ला धरूनच ओढा. मधलं एखादं गाणं पुसून नवं टाकलं तर ते त्या रिकाम्या जागी जाऊन बसू शकतं. तेव्हा फोल्डर पूर्ण रिकामा करून परत भरायचा, किंवा ड्राइव्हसॉर्ट या सॉफ्टवेअरने क्रम लावायचा.

नावांच्या जागी नेमकं काय दिसतं? चौकोन की वेडीवाकडी अक्षरं?

सिन्नरफाटा :
सगळे चौकोन.

रविवार कारंजा :
मग प्लेयरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. वेडीवाकडी अक्षरं असती तर एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याचं नाव, कलाकार वगैरे माहिती) 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' करून सेव्ह केले की बहुधा काम झालं असतं. चौकोनांवर तो इलाज चालत नाही. फाइलची नावं इंग्रजी लिपीत लिहा. पण प्लेयर सहसा टॅगमधलं टायटल आधी दाखवतो, म्हणून नुसतं नाव बदलून थांबू नका. एमपी३टॅगमध्ये सगळी गाणी निवडा, कन्व्हर्ट मेनूतून 'फाइलनेम – टॅग' घ्या, म्हणजे तेच नाव टायटलमध्ये उतरेल. कलाकार आणि अल्बमचे रकानेही इंग्रजी लिपीत लिहा, नाहीतर तिथे चौकोन राहतील.