मदत हवी आहे: एमए मराठी, बेळगाव की कोल्हापूर?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण यंदा बीए मराठी झाली. आमचं गाव खानापूर तालुक्यात. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिनं वहीत उतरवून घेतल्यात, कडव्याशेजारी कुणाकडून ऐकलं तेही लिहिलंय. तिला पुढं यावरच काम करायचंय, आणि स्वतःचं लेखनही.

बाबा म्हणतात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात घाल. मला २०१० साली झालेलं आपलं बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ बरं वाटतं. ओव्या म्हणणाऱ्या बायका इथंच आहेत. विद्यापीठात जायला मात्र बेळगावात बस बदलावी लागते.

तिथं मराठी शिकलेल्यांनी कृपया सांगा: लोकसाहित्यावर प्रबंध करू देतात का? लिहिलेलं वाचून दुरुस्त्या सांगणारं कुणी भेटतं का? प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी होते का? मुलींच्या वसतिगृहाचंही कळवा.