प्रतिसाद: टीव्हीच्या छत्रीची (डिश अँटेनाची) वायर वाढवताना सांधा कसा द्यावा

टीव्ही ओसरीतून आतल्या खोलीत नेला, वायर 8 मीटर कमी पडते, तर तारा पिळून टेप मारावा का, असं वर विचारलंय. अजिबात नको. याच वायरीतून सेट-टॉप बॉक्स छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) 13 किंवा 18 व्होल्ट पुरवतो, काही चॅनेल 13 वर चालतात, काही 18 वर. सांधा कच्चा राहिला, व्होल्टेज घटलं, की 18 व्होल्टवरचे चॅनेल आधी जातात. निम्मे दिसतात, निम्मे नाही, आणि लोक उगाच छत्री फिरवत बसतात.

आधी बॉक्सचा प्लग काढा. 75 ओहमची आरजी-6 वायर (छत्रीला लागते तीच जाड गोल केबल) 10 मीटर, तिच्या दोन टोकांना दोन एफ-कनेक्टर (फिरवून बसवायच्या धातूच्या पिना) आणि दोन वायरी जोडायला एक जॉइनर घ्या. मधली तार शक्यतो अस्सल तांब्याची. कनेक्टर बसवताना मधल्या तारेभोवतीची बारीक तारांची जाळी मागे दुमडा. तिचा एक केसही मधल्या तारेला लागला तर शॉर्ट. तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर 2-3 मिलिमीटरच ठेवा. केबलवाल्याचा साधा स्प्लिटर जोडायला वापरू नका, त्यातून व्होल्टेज जाईलच असं नाही.

सांधा घरातच येऊ द्या. कवेलूखाली किंवा टिनावर ठेवलात तर साधा काळा टेप आपल्या उन्हात सुटतो आणि पहिल्याच पावसात पाणी शिरतं.