गणिताची आणि विज्ञानाची बुद्धी लेस विणण्यात का रमते?

रेशीमगाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली तीन वर्षे मी बॉबिन लेस शिकते आहे. ज्यांनी ही कला पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घट्ट भरलेल्या उशीवर नमुन्याचा पुठ्ठा बसवतात, त्यावरच्या छिद्रांत एकेक टाचणी रोवत जातात आणि लाकडी बॉबिनवर गुंडाळलेले दोरे जोडीजोडीने एकमेकांवरून नेत जाळी तयार करतात. सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्स या भागांत ही कला आकाराला आली.

आमच्या शिकणाऱ्यांच्या गटात आठ जण आहोत. त्यांत दोघी गणित शिकवतात, एक जण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, एक संगणकाच्या आज्ञावली लिहिते आणि मी स्वतः संख्याशास्त्रातली आहे. एवढ्याशा गटावरून निष्कर्ष काढू नये हे मला व्यवसायामुळेच ठाऊक आहे. पण इतर ठिकाणी लेस करणाऱ्यांशी बोलतानाही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते, म्हणून विचारावेसे वाटले.

कारण विचारले की बहुतेक जण ‘संयम’ असे एका शब्दात उत्तर देतात. ते मला पटत नाही. संयम भरतकामालाही लागतो आणि स्वेटर विणायलाही लागतो. लेसमध्येच असे नेमके काय आहे, की ज्यामुळे सूत्रे आणि सिद्धता यांत रमणाऱ्या माणसाला उशीपुढून उठावेसे वाटत नाही?

त्रैराशिक

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण मी स्वतः गणित शिकवतो आणि माझ्यापुरते याचे उत्तर मला सापडले आहे. जरा विस्ताराने लिहितो.

बॉबिन लेसमध्ये मूळ क्रिया दोनच आहेत. शेजारच्या दोन जोड्या घेतल्या की समोर चार दोरे येतात. ‘क्रॉस’ म्हणजे मधल्या दोन दोऱ्यांपैकी डावा उजव्यावरून नेणे. ‘ट्विस्ट’ म्हणजे प्रत्येक जोडीतला उजवा दोरा डाव्यावरून नेणे. कितीही नाजूक लेस घ्या, जाळी, पाने, फुले सगळे मुळात या दोन क्रियांतून उभे राहते. थोडी गृहीतके आणि त्यांतून निघणारे अफाट विश्व याचे आकर्षण ज्याला आहे, त्याला ही ओळख पहिल्याच दिवशी पटते.

चार दोऱ्यांना डावीकडून क, ख, ग, घ अशी नावे देऊ. क्रॉस केला की क्रम क, ग, ख, घ असा होतो. ट्विस्ट केला की तो ग, क, घ, ख होतो. पुन्हा क्रॉस केला की ग, घ, क, ख. या तीन क्रियांच्या टाक्याला क्लॉथ स्टिच म्हणतात, आणि त्यात काय घडले ते पाहा: दोन्ही जोड्यांनी आपापसांत जागा बदलल्या, पण एकाही जोडीची फाटाफूट झाली नाही. म्हणूनच या टाक्याने केलेला भाग विणलेल्या कापडासारखा भरीव दिसतो. आता शेवटचा क्रॉस गाळून फक्त क्रॉस आणि ट्विस्ट करा, म्हणजे हाफ स्टिच. येथे क्रम ग, क, घ, ख असा राहतो, म्हणजे जोड्या फुटल्या. हाच टाका दोनदा केला तर चौघांचा क्रम पूर्ण उलटतो आणि चारदा केला तर प्रत्येक दोरा आपल्या मूळ जागी परत येतो. हे मी प्रथम कागदावर लिहून काढले आणि मग उशीवर चार वेगळ्या रंगांचे दोरे लावून पाहिले. चौथ्या टाक्यानंतर निळा दोरा पुन्हा डाव्या कडेला आला तेव्हा झालेला आनंद विद्यार्थिदशेत पहिली सिद्धता जमल्यावर झालेल्या आनंदाच्या जातीचा होता.

पण मला सर्वांत सुंदर वाटते ती वेगळीच गोष्ट. आपण क्रॉस आणि ट्विस्ट कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा करा, लेसमधला प्रत्येक दोरा एकदा वरून, मग खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून असाच जातो. हे मुद्दाम सांभाळावे लागत नाही. समजा एखादा दोरा क्रॉसमध्ये वरून गेला, तर तो आता डावीकडून तिसऱ्या जागी आला. त्याचे पुढचे ओलांडणे क्रॉसमध्ये झाले तर तो मधल्या दोघांतला उजवा, म्हणजे खालून जाणार. ट्विस्टमध्ये झाले तर तो आपल्या जोडीतला डावा, म्हणजे तेव्हाही खालूनच जाणार. उरलेल्या स्थिती अशाच तपासता येतात आणि एकही अपवाद निघत नाही. क्रॉस डाव्याकडून आणि ट्विस्ट उजव्याकडून, असा दिशांचा जो विरोध पूर्वीच्या कारागिरांनी ठरवून दिला, त्यातच हे सगळे सामावलेले आहे.

एमिल आर्टिन यांनी 1925 मध्ये वेण्यांचा गणिती सिद्धांत मांडला, त्यात दोरे एकमेकांना ओलांडण्याच्या क्रियांची बेरीज-वजाबाकी करावी तशी मांडणी केली जाते. लेसचा टाका हे त्या भाषेतले एक छोटे पद आहे. आर्टिन यांच्या आधी सुमारे पावणेचारशे वर्षे लोक हे पद बोटांनी लिहीत होते, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने थक्क करते.

आज्ञावली

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र मला लेसने धरून ठेवले ते टाक्याने नव्हे, टाक्यांच्या क्रमाने.

विणकामात ओळ संपली की पुढची ओळ, असा एकच मार्ग असतो. लेसमध्ये तसे नाही. प्रत्येक टाक्याला दोन जोड्या लागतात, एक वरच्या डाव्या बाजूने येणारी आणि एक वरच्या उजव्या बाजूने येणारी. त्या दोन्ही येऊन पोहोचल्या की तो टाका करता येतो, त्याआधी नाही. ज्या दोन टाक्यांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यांपैकी कोणताही आधी केला तरी तयार होणारी लेस तीच असते. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे ओळखून त्यांची रांग लावणे हे माझे रोजचे काम आहे, आणि तोर्शों या प्रकारच्या बॉबिन लेसची जाळी तिरप्या ओळींत करताना मी तेच काम हाताने करते आहे असे जाणवते.

दुसरी गोष्ट मोजणीची. प्रत्येक टाक्यात दोन जोड्या शिरतात आणि दोनच बाहेर पडतात. विजेच्या जोडणीत एखाद्या बिंदूत जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो, तसे. त्यामुळे कागदावर मनोहर दिसणारे पान प्रत्यक्षात विणता येईलच असे नाही. पान रुंद होताना जोड्या कोठून येणार आणि ते निमुळते होताना कोठे जाणार, याचा हिशेब जुळला पाहिजे, नाहीतर जोड्या मुद्दाम घालाव्या किंवा काढाव्या लागतात. माझ्या पहिल्या स्वतंत्र नमुन्यात 12 जोड्या होत्या आणि एका पानाच्या टोकाशी मला 13 जोड्यांची गरज पडत होती. दोन संध्याकाळी मी नुसती पेन्सिल घेऊन बसले होते, आणि त्या दोन संध्याकाळी मला प्रत्यक्ष विणण्याइतक्याच आवडल्या.

याच रचनेवर संशोधनही झाले आहे. व्हेरोनिका आयर्विन आणि फ्रँक रस्की यांनी 2014 मध्ये बॉबिन लेसच्या जाळीचे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. पुन्हा पुन्हा येणारा नमुना कडेला कडा जोडून कंकणाकृती पृष्ठभागावर मांडलेला आहे अशी कल्पना केली, तर प्रत्येक टाका म्हणजे दोन बाण आत येणारा आणि दोन बाण बाहेर जाणारा एक बिंदू ठरतो. मग अशा जाळ्या संगणकाकडून शोधून काढता येतात. पूर्वी कोणी न विणलेल्या जाळ्या अशा रीतीने सापडतात आणि त्या खरोखर उशीवर उतरवता येतात, याचे मला फार अप्रूप आहे.

जुनी उशी

मी गणितातली नाही आणि विज्ञानातलीही नाही. चाळीस वर्षे लेस करते आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. वरची दोन्ही उत्तरे मी मन लावून वाचली. दोरा एकदा वरून, एकदा खालून जातो हे माझ्या बोटांना ठाऊक होते, पण ते तसे का होते हे आज प्रथमच कळले, याबद्दल आभार.

तरीही एक गोष्ट निग्रहाने सांगावीशी वाटते. वैज्ञानिक बुद्धीच्या माणसांना लेस आवडते, असे म्हणताना आपण नकळत असे सुचवतो की ही बुद्धी बाहेरून आली आणि तिने लेसला प्रतिष्ठा दिली. ज्यांनी ही कला घडवली त्या बहुतांशी गरीब स्त्रिया होत्या. इंग्लंडच्या बेडफर्डशर, बकिंगहॅमशर या परगण्यांत लेसच्या शाळा असत आणि तेथे पाच-सहा वर्षांची मुले दिवसभर उशीपुढे बसत. टाचण्यांची मोजणी चुकू नये आणि हाताचा वेग टिकावा म्हणून ती मुले आकड्यांची गाणी म्हणत. त्यांच्या वाट्याला कष्ट फार आले आणि मोबदला फार थोडा मिळाला. पण जोड्यांचा हिशेब, सममिती, कोपरा वळवताना नमुना कोठे आरशात पाहिल्यासारखा उलटवायचा याची जाण, हे सगळे त्यांच्यापाशी होतेच. त्याला गणित म्हणावे असे तेव्हा कोणाला सुचले नाही, एवढेच.

याचा पुरावा यंत्रांच्या इतिहासात आहे. जॉन हीथकोट यांनी 1808 आणि 1809 मध्ये बॉबिननेट, म्हणजे लेससारखी जाळी विणणाऱ्या यंत्राची पेटंटे घेतली. त्यासाठी त्यांनी हाताने केलेली लेस उलगडून दोऱ्यांच्या वाटा तपासल्या, आणि निम्मे दोरे उभे जातात व निम्मे तिरपे, हे लक्षात आल्यावरच त्यांना यंत्राची मांडणी सुचली. एका हुशार यंत्रज्ञाला जे शोधून काढावे लागले, ते त्या स्त्रियांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते. म्हणून मला वाटते की आपल्या गटातल्या गणिताच्या शिक्षिका लेसमध्ये काही नवे आणत नाहीत; त्यांना तेथे आपलीच माणसे भेटतात.

परीक्षानळी

मी प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा विज्ञानाच्या बाजूने थोडे लिहितो. संयमाबद्दलची आपली शंका रास्त आहे. माझ्या सहकाऱ्यांत मी सर्वांत उतावळा समजला जातो, आणि तरीही लेसपुढे तीन तास सहज जातात.

माझ्या मते येथे चुकीचे स्वरूप महत्त्वाचे आहे. प्रयोग फसला की कारणे दहा असू शकतात आणि त्यांतली काही कधीच हाती लागत नाहीत. लेसमध्ये चूक झाली तर ती एका ठरावीक जागी असते आणि तेथपर्यंत परत जाता येते. क्रॉसच्या उलट क्रिया आहे, ट्विस्टच्या उलट क्रिया आहे; शेवटची क्रिया आधी उलटवायची, मग तिच्या आधीची, असे करत मागे गेले की दोरे जसेच्या तसे पूर्वस्थितीला येतात. मागच्या महिन्यात एका पट्टीत जाळी किंचित तिरकी दिसू लागली. नऊ ओळी मागे एका टाचणीभोवती माझा एक ट्विस्ट राहून गेला होता. टाचण्या एकेक करून काढत, उलट्या क्रमाने टाके सोडवत मी तेथे पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दिवसभर ज्या मोजमापांचा अर्थ लागला नव्हता त्यांच्यानंतर ही एक चूक अशी निखालस सापडणे, याने मन किती स्वच्छ होते हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

शिवाय दोरा हा खरा पदार्थ आहे, हेही विसरू नये. कागदावरच्या वेणीला ताण नसतो. उशीवर मात्र प्रत्येक बॉबिनचे वजन दोऱ्याला ओढून धरते, सुती आणि लिननचा दोरा वेगळा वागतो, आणि टाचण्या काढल्यावर जाळीला आधार उरतो तो फक्त दोऱ्यांच्या परस्पर घर्षणाचा. नियम अचूक पाळूनही ताण असमान राहिला तर लेस सैल पडते. सिद्धांत आणि पदार्थ यांची ही भेट प्रयोग करणाऱ्या माणसाला सोडवत नाही.

रेशीमगाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘जुनी उशी’ यांचे म्हणणे मला विशेष पटले. माझा प्रश्नच थोडा उलट्या बाजूने विचारलेला होता.

‘त्रैराशिक’ यांनी सांगितलेला नियम काल रात्री माझ्या जुन्या पट्टीवर भिंग धरून तपासला. एकेका दोऱ्याच्या मागे सुईच्या टोकाने जात होते: वर, खाली, वर, खाली. पट्टीच्या मध्याजवळ एक दोरा सलग 3 वेळा वरून गेलेला दिसला आणि त्याला ओलांडणारा दोरा सलग 3 वेळा खालून. दोनदा का नाही, तीनदाच का, हे कागदावर मांडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. तेथे एक क्रॉस मी उजव्याकडून केला होता. त्याच्या आधीचे ओलांडणे बरोबर होते, नंतरचेही बरोबर होते, आणि मधले एकच उलटल्यामुळे तिन्ही सारखी झाली होती. ती पट्टी दोन वर्षे माझ्या टेबलावर आहे आणि ही चूक आजवर कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती.